‘रेड’चं मूळ शोधतोस? मग आधी एवढंच कर

भाऊ, शब्दांची मुळं शोधायला सुरुवातीलाच इंग्रजी ‘रेड’ घेतलास, बेस झालं. पण ही धाडीतली रेड बरं का, रंगातला रेड वेगळा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कोश उघडला की आजचा अर्थ सोड, सर्वात जुना बघ. जुन्या इंग्रजीत ‘राद’ म्हणजे घोड्यावरून जाणं. आपली ‘स्वारी’ नाही का, बसणंही तीच आणि चढाईही तीच. इंग्लंडच्या दक्षिणेत त्याचा ‘रोड’ झाला, उत्तरेत स्कॉटलंडकडे ‘रेड’. म्हणजे आपला वर्धा रोड आणि इन्कम टॅक्सची रेड सख्खे भाऊ! रोडला ‘रस्ता’ हा अर्थ तर १६व्या शतकाच्या अखेरीस चिकटला. ‘रेड’ मागे पडला होता, तो स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने १९व्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा चालता केला. पोलिसांची, विमानांची, कबड्डीतली रेड ही सगळी नंतरची.

नवखे कुठे घसरतात?

- कानाला सारखं लागलं की नातं जोडतात. रेडा धडक मारतो म्हणून ‘रेड’! हसू नको, असं छातीठोक सांगणारे भेटतील.
- सगळे अर्थ एकाच मुळाचे समजतात. कॉम्प्युटरच्या डिस्कवाला ‘रेड’ १९८०च्या दशकात आद्याक्षरं जोडून बनवलेला आहे.

ध्वनिबदलाचे नियम, जर्मनसारख्या भाषांतले भाऊबंद शब्द वगैरे सध्या राहू दे. एक वही कर: शब्द, जुना अर्थ, शतक. बस. पुढचा शब्द ‘इनरोड’ (म्हणजे आत घुसून केलेली चढाई) घे, त्यातला रोड अजूनही स्वारीच करतो.