आइस हॉकीतला पॉवरप्ले: मांडणी म्हणावं की व्यूहरचना?

प्रश्न आलाय की आइस हॉकीबद्दल मराठीत लिहिताना 'पॉवरप्लेसाठी खेळाडूंची व्यूहरचना' बरोबर आहे का, आणि त्यातला पॉइंट म्हणजे क्रिकेटमधलाच का.

पॉइंटचं आधी सांगतो, अजिबात नाही! क्रिकेटचा पॉइंट बॅट्समनच्या ऑफ साइडला, काटकोनात. आइस हॉकीत पॉइंट म्हणजे समोरच्या टीमच्या हद्दीत, ती हद्द जिथून सुरू होते त्या निळ्या रेषेच्या जरासं आत, गोलपासून लांबची जागा. पॉवरप्लेही वेगळाच, इथे तो ठरलेल्या ओव्हर्सचा नसतो, समोरचा एकजण नियम मोडल्याची शिक्षा म्हणून पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसला की मिळतो, साधी पेनल्टी असेल तर २ मिनिटं पाच विरुद्ध चार (गोलकीपर सोडून) आणि गोल झाला की तिथेच संपला. (एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये, १९५६ पर्यंत गोल खाल्ला तरी पूर्ण २ मिनिटं बसावं लागायचं, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स ही टीम एकाच पेनल्टीत दोन-तीन गोल करायला लागले तेव्हा नियम बदलला.)

आता व्यूहरचना. चूक नाही, पण तो शब्द अख्ख्या डावपेचासाठी ठेवावा असं माझं ठाम मत आहे, कोण कुठे उभा राहणार एवढंच सांगायचं तर 'मांडणी' पुरे. फुटबॉलवाले 'चार-चार-दोन' म्हणतात तसं इथे 'एक-तीन-एक': एक पॉइंटवर, दोघं बर्फावर दोन्हीकडे आखलेल्या वर्तुळांपाशी, त्यांच्या मधोमध एक, म्हणजे बचाव करणाऱ्या चौघांच्या चौकोनाच्या पोटात, आणि शेवटचा गोलकीपरच्या अगदी पुढ्यात, त्याला पक (खेळायची चकती) दिसू नये म्हणून. दुसरी मांडणी अम्ब्रेला, तिला बिनधास्त छत्री म्हणा, तिघं वर कमानीत आणि दोघं गोलपाशी, चित्र लगेच डोळ्यासमोर येतं.

मांडणीत कोणता हात कुठे हेही आलंच. एनएचएलमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सचा ओव्हेचकिन उजव्या हाताने मारणारा, पण पॉवरप्लेत उभा राहतो डाव्या वर्तुळात, कारण तिथे त्याच्या स्टिकचं पातं आतल्या बाजूला येतं आणि पॉइंटवरून किंवा पलीकडून आलेला पास न अडवता तसाच हाणता येतो. ६ एप्रिल २०२५ ला वेन ग्रेट्झकीचा एनएचएलमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा ८९५वा गोल त्याने पॉवरप्लेतच आणि त्याच बाजूने मारला.

अशा फटक्याला 'वन-टायमर' लिहा किंवा 'आल्या आल्या मारला' लिहा, दोन्ही चालेल. फक्त पकला चेंडू म्हणू नका, ती रबराची चपटी चकती असते.