वाढदिवस कोणाचा, बेत कोणाचा?

बालवर्गात जाणाऱ्या, म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वाढदिवसाबद्दल वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील सहा या वेळच्या सदरात घेतली आहेत. बहुतेक पत्रांत पाहुण्यांची यादी, सजावट आणि खर्च यांचा तपशील भरपूर आहे. ज्याचा वाढदिवस आहे ते मूल मात्र पत्राच्या अगदी शेवटी, आणि तेही रडताना, भेटते. उत्तरे देताना मी हा क्रम उलटा ठेवला आहे.

प्रश्न : आमची मुलगी पुढील महिन्यात तीन वर्षांची होईल. मागील वर्षी आम्ही साठेक पाहुणे बोलावले होते. संध्याकाळी सातला कार्यक्रम ठरला होता, पण सगळे जमेपर्यंत साडेआठ वाजले. तोवर ती इतकी रडू लागली की तिला आत नेऊन झोपवावे लागले आणि केक आम्हीच कापला. यंदाही कोणाला वगळता येणार नाही, असे सासऱ्यांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : सासऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही आणि मुलीचे रडणेही चुकीचे नव्हते. चूक एवढीच झाली की दोन वेगवेगळे समारंभ एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत उरकण्याचा प्रयत्न झाला. नातेवाइकांनी एकत्र यावे, ही मोठ्यांची गरज आहे आणि ती रास्त आहे; तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. त्या दिवशी मुलीने घटकाभर सर्वांना दिसावे, हवे तर आजोबांच्या मांडीवर बसावे आणि कंटाळा आला की आत जाऊन खेळावे. तिच्याकडून आणखी कशाचीही अपेक्षा धरू नये.

मुलीचा स्वतःचा समारंभ मात्र तिच्या मापाचा असावा. या वयाच्या मुलांना दिवसातील डुलकी धरून चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते. त्यामुळे सातचा मुहूर्त म्हणजे थकवा, भूक आणि गोंगाट या तिघांची गाठ घालून देणे होय. सकाळी न्याहारीनंतर किंवा दुपारची झोप पूर्ण झाल्यावरची वेळ निवडा. दीड तास पुरेसा आहे. दोन तासांच्या पुढे जाऊ नका. निमंत्रणात सुरुवातीच्या वेळेबरोबर समाप्तीची वेळही स्पष्ट लिहा. ते अगत्याला सोडून वाटेल, पण इतर मुलांचे आईवडील त्याबद्दल मनातून आभारच मानतील.

जितके वय, त्याहून एक अधिक एवढीच मुले बोलवावीत, असा एक जुना आडाखा आहे. त्यामागे शास्त्र नाही, पण अनुभव आहे. तीन वर्षांच्या मुलीसाठी चार मुले म्हणजे फार थोडी असे वाटत असेल, तर हे लक्षात घ्या की प्रत्येकाबरोबर निदान एक मोठे माणूस येणार; चौघांचे आठ आणि घरचे धरून बारा होतात.

या दीड तासाला कार्यक्रमपत्रिका लागत नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने बालवर्गातील मुलांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ साली एक गोष्ट नोंदवली, ती कोणत्याही बालवर्गाच्या दारातून आजही दिसते : लहान मुले बऱ्याचदा एकमेकांबरोबर नव्हे, तर एकमेकांशेजारी खेळतात. जवळ बसून, सारख्याच वस्तू हाताळत, पण ज्याचा खेळ त्याच्यापाशी. म्हणून सर्वांना एका रांगेत उभे करून नियमांचा खेळ घेण्याऐवजी मातीचे गोळे, रंग, ठोकळे किंवा मोठी रिकामी खोकी मांडून ठेवा आणि प्रत्येक वस्तू सर्वांना पुरेल एवढी असू द्या, कारण पाच मुलांत एकच लाल बादली असली की सर्वांना तीच हवी असते. पहिला अर्धा-पाऊण तास असाच जाऊ द्या, मग खाणे, मग केक. उशिरा येणाऱ्यांसाठी केक थांबवू नका. मागील वर्षीचा घोटाळा तेथेच झाला.

प्रश्न : आमच्या मुलाला सर्वांनी मिळून वाढदिवसाचे गाणे म्हटलेले अजिबात आवडत नाही. गाणे सुरू झाले की तो कान झाकून टेबलाखाली जाऊन बसतो. लोक हसतात आणि आम्हाला ओशाळल्यासारखे होते.

उत्तर : क्षणभर त्याच्या जागी बसून पाहा. दिवे मालवले जातात, समोर ज्योती पेटतात, भोवतीची ओळखीची माणसे एकदम त्याच्याकडे रोखून पाहत मोठ्याने गाऊ लागतात आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट होतो. मोठ्या माणसालाही अशा वेळी हात कुठे ठेवावेत, हे कळत नाही. मुलाने टेबलाखालची जागा शोधली, हे त्याचे शहाणपण समजा.

आधीच्या आठवड्यात बाहुल्यांचा वाढदिवस साजरा करा, म्हणजे पुढे काय घडते याचा क्रम त्याला ठाऊक होईल. प्रत्यक्ष दिवशी दिवे चालू ठेवा, त्याला मांडीवर घ्या, गाणे हळू आवाजात म्हणा, आणि नकोच म्हणाला तर गाणे गाळा. गाण्यावाचून कोणाचेही वय वाढायचे राहिलेले नाही. प्राण्याचा मोठा मुखवटा घातलेला माणूस अचानक दारात उभा करण्याचा बेत असेल, तर तोही सोडून द्या. चेहरा दिसत नसलेल्या माणसाची या वयात खरी भीती वाटते आणि 'आत तर काकाच आहेत' या खुलाशाने ती जात नाही.

मेणबत्त्या फुंकण्याबद्दल, जाता जाता : अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या २०१७ मधील प्रयोगात फुंकर मारल्यावर केकवरील लेपातील जिवाणूंची संख्या सरासरी १४०० टक्क्यांनी वाढलेली आढळली. निरोगी माणसांनी याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मूल सर्दीने शिंकत असेल, तर फुंकण्यासाठी एक छोटा केक वेगळा ठेवणे सोपे आहे.

प्रश्न : मुलाला ताप आल्याने त्याचा चौथा वाढदिवस दहा दिवस पुढे ढकलावा लागला. आता तो कोणालाही 'मी अजून तीनच वर्षांचा आहे' असे सांगतो. समजावले की रागावतो. यात काळजी करण्यासारखे काही आहे का?

उत्तर : मुळीच नाही, उलट तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला. या वयातील अनेक मुलांची अशीच पक्की समजूत असते की वाढदिवसाचा समारंभच माणसाला मोठे करतो. टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली यांनी सहकारी संशोधिकेसह या समजुतीचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या होत्या : एका मुलाचा वाढदिवस नेहमीसारखा साजरा झाला, दुसऱ्याचा झालाच नाही आणि तिसऱ्याचा दोनदा झाला. आता प्रत्येकाचे वय किती, असे विचारल्यावर बऱ्याच मुलांनी समारंभाच्या हिशेबाने वय सांगितले.

तेव्हा तुमच्या मुलाचा तर्क त्याच्या जागी बिनचूक आहे. वय तारखेने वाढते, समारंभ आनंदासाठी असतो, एवढे एकदा शांतपणे सांगा आणि वाद सोडून द्या. दहा दिवसांनी केक कापला की तो आपोआप चार वर्षांचा होईल. मात्र शाळेत एकदा आणि घरी एकदा असे दोन समारंभ ठरले असतील, तर दुसऱ्यानंतर त्याने पाच बोटे दाखवली तरी हसू नका.

यावरून एक व्यावहारिक गोष्टही निघते. 'पुढच्या महिन्यात' या शब्दांना या वयात फारसा अर्थ नसतो. फार आधी सांगितले, तर रोज सकाळी 'आज आहे का?' हा प्रश्न येतो आणि रोज सकाळी मूल हिरमुसते. चार-पाच दिवस आधी सांगा, तितक्या कागदी कड्यांची साखळी करा आणि रोज एक कडी त्याच्याच हाताने काढू द्या.

प्रश्न : घरी आठ-दहा लहान मुले येणार आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत जास्त लक्ष कशाकडे द्यावे?

उत्तर : जिने, गरम पेये आणि उघडे दार यांकडे आपले लक्ष आपोआप जाते, म्हणून ज्यांकडे जात नाही त्या वस्तूंबद्दल लिहिते.

पहिली वस्तू फुगा. फुगलेला फुगा निरुपद्रवी दिसतो. धोका असतो तो न फुगवलेल्या आणि फुटलेल्या फुग्याच्या तुकड्यात. रबराचा पातळ तुकडा घशात गेला, तर तो श्वासमार्गावर घट्ट चिकटतो आणि सहजासहजी निघत नाही. अमेरिकेत तर आठ वर्षांखालील मुलांना हा धोका असल्याचा इशारा फुग्यांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. फुगे उंचावर बांधा, मोठ्यांनीच फुगवा आणि एखादा फुटला, तर आधी तुकडे वेचा, मग रडणाऱ्याची समजूत काढा.

दुसरी वस्तू बटणासारखा चपटा सेल. गाणे वाजवणारी मेणबत्ती, लुकलुकणारी अंगठी, बोलणारे शुभेच्छापत्र, या सर्वांत तो असू शकतो. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होऊन दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. शंका आली, तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठावे. पाहुण्या मुलांना द्यायच्या भेटवस्तूही याच नजरेने तपासा, कारण त्यांची पाकिटे बहुधा घरी जाऊन एखाद्या धाकट्या भावंडाच्या हाती पडतात.

तिसरी गोष्ट खाण्याची. अख्खे शेंगदाणे आणि सुकामेवा पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये. द्राक्षे उभी चिरून त्यांच्या चार फोडी कराव्यात. कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न टाळावेत, आणि खाताना मुलांना बसवावे, कारण धावताना व हसताना घास श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता वाढते. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे निमंत्रण देतानाच विचारा. दारात विचारले, तर स्वयंपाक झालेला असतो. सोबत वर्षाच्या आतील बाळ येणार असेल, तर त्याला कोणी कौतुकानेही मध चाटवू नये.

आणि एका मोठ्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नका. फोटो नाही, वाढणे नाही. त्याने फक्त मुलांकडे पाहावे.

प्रश्न : केक आणि गोड पदार्थ खाल्ल्यामुळे मुले वाढदिवसाला बेभान होतात, हे खरे ना?

उत्तर : बेभान होतात हे खरे, पण त्याचे खापर साखरेवर फोडता येत नाही. १९९५ मध्ये मार्क वोलरायच आणि सहकाऱ्यांनी २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग अधिक बोलका आहे : सर्व मुलांना साखर नसलेलेच पेय दिले होते, पण ज्या आयांना 'मुलाने भरपूर साखर घेतली आहे' असे सांगण्यात आले, त्यांना आपली मुले अधिक चंचल वाटली. गर्दी, आवाज, चुकलेली झोप आणि नवी खेळणी एवढी कारणे बेभान व्हायला पुरतात. दातांसाठी गोड कमी ठेवा. शांततेसाठी माणसे कमी ठेवा.

प्रश्न : मी आजोबा आहे. आमच्या काळी संगीतखुर्चीत बाद झालेले मूल गुपचूप बाजूला बसत असे. आता लगेच रडारड होते. मुलांना हरणे शिकवायला नको का? शिवाय भेटी सर्वांसमोर उघडाव्यात की नाहीत, यावरून घरात मतभेद आहेत.

उत्तर : आजोबा, हरणे अवश्य शिकवावे, पण वाढदिवसाची सकाळ हा त्याचा तास नव्हे. शिवाय संगीतखुर्चीत जो आधी बाद होतो, तोच सर्वांत अधिक वेळ रिकामा बसतो, आणि रिकामे बसलेले चार वर्षांचे मूल काय उद्योग करते हे आपण जाणताच. खेळ तोच ठेवा, पण प्रत्येक फेरीत मुलाला बाद न करता फक्त खुर्ची काढा. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी मिळून कसेतरी मावायचे. शेवटी एका भक्कम खुर्चीभोवती जो ढीग जमतो, त्यात आपणही सामील व्हा.

भेटी पाहुणे गेल्यावर उघडाव्यात, असे माझे मत आहे. तीन-चार वर्षांचे मूल नको असलेली वस्तू पाहून 'हे तर माझ्याकडे आहे' असे स्पष्ट म्हणते, आणि आणणारे मूल आपण आणलेली वस्तू परत घरी नेऊ पाहते. दोघांचेही वागणे वयाला धरूनच असते. संध्याकाळी निवांतपणे एक-दोन भेटी उघडा, बाकीच्या पुढच्या आठवड्यात रोज एक. कोणती भेट कोणी दिली, हे मात्र वेष्टन फाडण्याआधी लिहून ठेवा, म्हणजे आभाराचा फोन योग्य घरी जाईल, आणि तो करताना दोन शब्द नातवालाही बोलू द्या.