फोटो असताना चित्र कशाला?

प्रश्न : मुलीच्या शाळेची सहल धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात गेली होती. बाईंनी मोबाइल बंद ठेवायला लावले आणि तासभर एकाच मातीच्या मूर्तीचं चित्र काढून घेतलं. फोटो काढला असता तर बाकीचंही बघून झालं असतं ना?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मी सोलापुरात सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली. तेरला मीही मुलं नेली आहेत. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. पहिली दहा मिनिटं मुलं मूर्ती बघतच नाहीत, मनातली बाहुली काढतात. गोल चेहरा, दोन टिंबं, झालं! मग कान कुठे संपतो ते कळेना, म्हणून मान वर होते. पुन्हा कागद, पुन्हा मूर्ती. खरं बघणं तिथून सुरू होतं.

एकदा सातवीतला एक मुलगा बाजूची रेघ काढता काढता थांबला. “बाई, इथं जोड दिसतोय.” खरंच होता. पुढचा नि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून जोडायचे, त्याचीच ती खूण. मी सांगितलं नव्हतं, शेजारच्या पाटीवरही नव्हतं. मग प्रश्नच प्रश्न: साचा कशाचा? आतून पोकळ का? मला फार आनंद झाला.

मी खोडरबर देत नसे. चुकलेली रेघ राहू द्यायची, शेजारी दुसरी काढायची.

चित्र सुबक नसेल. तरी मुलीला विचारा, मूर्तीचा कुठला भाग तुटलेला होता? ती न बघता सांगेल.