आधी ओळ दाखव

प्रिय पोरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार दिवस मुद्दाम उत्तर लिहिलं नाही. मंगळवारीच लिहायला बसलो असतो तर रागाच्या भरात काहीबाही लिहिलं असतं.

तीन पानं तू मैत्रिणीच्या संग्रहाबद्दल लिहिलंस. तिचं पहिलं पुस्तक येतंय, प्रकाशनाला तूच बोलावंस असा तिचा हट्ट आहे, आणि तुला त्यातल्या निम्म्या कविता आवडलेल्या नाहीत. मग तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा संपता संपता, बारीक अक्षरात एक वाक्य: ‘तिनं माझ्या कवितांबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही, सर.’ पत्र खरं तिथून सुरू होतं. वरची तीन पानं तू त्या वाक्यापर्यंत यायला घेतलीस. मला ते कळतं, कारण मीही त्या वाक्यापाशी खूप वर्षं बसून होतो.

तू विचारतेस, मैत्री राखू की खरं बोलू. मला हा प्रश्नच मान्य नाही. तुमच्या रविवारच्या बैठकीत मी दोनदा येऊन गेलो. कविता संपते न संपते तोच ‘क्या बात है’, ‘फार आतून आलंय’, आणि लगेच पुढच्याचं नाव. त्या दोन रविवारी तुमच्यापैकी एकाही मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्याच्या कवितेतली एक ओळ परत म्हणून दाखवली नाही. एकही नाही. मग तिथं खरं काय आणि खोटं काय? कौतुक खोटं ठरायलाही आधी कुणीतरी वाचलेलं असावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी ओळ दाखव. आवडलं म्हणायचं असेल तर ओळ दाखव. नाही आवडलं म्हणायचं असेल तर तीही ओळ दाखव. ओळ दाखवता येत नसेल तर गप्प बस आणि पुन्हा वाच.

आपण जळगावात राहतो म्हणून इथलंच सांगतो. १८८७ साली नारायण नरसिंह फडणीसांनी या गावातून ‘काव्यरत्नावली’ काढलं. नुसत्या कवितांचं मासिक! गावची वस्ती ती केवढी आणि कविता वाचणारे किती असतील, विचार कर. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक संग्रह नव्हता. तो पुढे हरिभाऊ आपट्यांनी १९१७ साली काढला. कवीला जाऊन बारा वर्षं झालेली. बारा वर्षं कुणीतरी त्या ओळी हाताशी ठेवल्या होत्या, हे लक्षात घे.

आणि १९०७ सालचं कविसंमेलन, तेही इथलंच. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोमरे तिथं कविता म्हणतो, आणि अध्यक्षस्थानी बसलेले डॉ. कीर्तिकर त्याला ‘बालकवी’ म्हणतात. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रेव्हरंड टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. टिळक ख्रिस्ती झालेले, मुलगा ब्राह्मणाघरचा, आणि काळ तो. लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्या पोरासारखं जेवू-खाऊ घातलं. पदवी द्यायला एक क्षण पुरतो. एका हळव्या, लहरी पोराला घरात सांभाळायचं म्हणजे त्याच्या कवितेवर रोज विश्वास ठेवावा लागतो. भादली स्टेशनवरून गाडी जाते तेव्हा मी अजून खिडकीतून बाहेर बघतो. १९१८च्या मे महिन्यात तिथल्याच रुळांवर तो गेला, अठ्ठावीसही पुरी नव्हती. त्याच्याआधी कुणीतरी त्याला ओळखलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

ओळखणं, ओळख. माझ्या कानाला या शब्दात पहिल्यापासून ‘ओळ’च ऐकू येते.

आता माझी गोष्ट. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

सत्तरच्या दशकात, मी मास्तरकीला नवा होतो तेव्हा, चोपड्याचा एक मित्र आणि मी मिळून अनियतकालिक काढायचो. मुंबईत लघुअनियतकालिकांचा धुरळा उडाला होता, १९६९ साली ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाच्या अंकाची होळी झाली होती, आणि आम्हाला वाटायचं की आपणही त्यात आहोत. शाळेचं सायक्लोस्टाइल यंत्र रात्री वापरायची परवानगी मी काढली होती. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं अक्षर कोरायचं, ‘ठ’ आणि ‘ढ’चं पोट फाटू द्यायचं नाही, रोलरला शाई लावायची, आणि पहाटेपर्यंत दीडशे प्रती. त्याच यंत्रावर दुसऱ्या दिवशी सहामाहीचे पेपर निघायचे. तीन अंक निघाले. तिसऱ्यात त्याची एक लांब कविता होती. तिची सुरुवात अशी:

जिनिंगच्या भोंग्यानं उठतो गाव
आणि माझा बाप त्याच्याही आधी उठून
भोंग्याची वाट बघत बसतो.

स्टेन्सिल मीच कापली, त्यामुळे या ओळी आधी माझ्या हातातून गेल्या. ‘वाट बघत बसतो’ इथं मी थांबलो होतो. कामावर जायला उशीर होऊ नये म्हणून रात्रभर अर्धवट झोपणारा माणूस त्या तीन शब्दांत होता, आणि ‘गरीब’, ‘कष्ट’ असला एकही शब्द त्यानं वापरला नव्हता. मला त्याच रात्री कळलं की आम्हा दोघांपैकी कुणीही याच्यापेक्षा चांगलं लिहिणार नाही. अंक निघाल्यावर त्यानं विचारलं, “कशी वाटली?” मी म्हणालो, “बरी आहे. लांब झाली जरा.”

का म्हणालो? त्या अंकात माझीही कविता होती आणि तिच्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. तुझ्या तिसऱ्या पानाच्या तळाचं वाक्य आहे ना, तेच. तो बोलला नाही म्हणून मी बोललो नाही. पुढे मी स्वतःला बरंच समजावलं. माझी बदली झाली, लग्न झालं, पगार तुटपुंजा, अंकाचा खर्च झेपेना. हे सगळं खरंही होतं. पण एक वाक्य बोलायला पैसे लागत नव्हते, पोरी. त्यानं पुढच्या वर्षी लिहिणं सोडलं, केळीच्या शेतीत पडला. माझ्या एका वाक्यानं सोडलं असं मी म्हणत नाही, तेवढं माझं वजन नव्हतं. पण दुसऱ्या एका वाक्यानं कदाचित टिकला असता.

काही वर्षांपूर्वी चोपड्याला एका लग्नात भेटला. पंगतीत शेजारी बसलो. मला राहवलं नाही, मी त्या तीन ओळी त्याला म्हणून दाखवल्या. त्यानं हातातला घास थांबवून ऐकलं आणि म्हणाला, “छान आहे रे. तुझीच का?”

मी त्याला सांगितलं की तुझी आहे. त्यानं मान हलवली, पटलं नाही त्याला. मग वाढपी आला.

तेव्हापासून माझा हा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही. कुणाचंही पुस्तक आलं की पूर्ण वाचतो, पोस्टकार्ड घेतो आणि त्यावर आधी त्यातली एक ओळ उतरवतो. मग काय ते म्हणतो. पन्नास पैशांत होतं. ‘आपले पुस्तक मिळाले, आवडले, पुढील लेखनास शुभेच्छा’ असं पत्र मी आयुष्यात परत लिहिलेलं नाही.

याचे परिणाम मी भोगले आहेत, तेही सांगतो. एका जवळच्या स्नेह्यानं संग्रहाला प्रस्तावना मागितली. मी दोन महिने ते हस्तलिखित घेऊन बसलो. अकरा ठिकाणच्या ओळी उतरवून त्या का टिकतील ते लिहिलं. आणि एका परिच्छेदात लिहिलं की शेवटच्या भागात कवी स्वतःचीच जुनी वाक्यं पुन्हा वापरतो. तीही वाक्यं दाखवली. पुस्तक प्रस्तावनेशिवाय निघालं आणि नऊ वर्षं आमचं बोलणं बंद. लोक म्हणाले, मास्तर तिरसट आहे, त्याला कुणाचं चांगलं बघवत नाही. अरे, अकरा ओळी! त्या अकरा कुणी वाचल्या का? त्या संग्रहावर पुढे जे काही छापून आलं ते मी सगळं वाचलं, आणि त्यात एकानंही एक ओळ उतरवलेली नव्हती. ‘संवेदनशील कवी’, ‘आश्वासक स्वर’. ज्याच्या कवितेसाठी मी दोन महिने दिले त्याचा मी वैरी, आणि ज्यांनी पुस्तक उघडलंही नाही ते मित्र! मी चुकलो नाही. आज पुन्हा लिहायची वेळ आली तर तोच परिच्छेद लिहीन. हां, छापायला देण्याआधी त्याच्या घरी जाऊन तो त्याला वाचून दाखवीन. तेवढं मात्र करायला हवं होतं.

मी माझंच सांगत सुटलो. तुझ्याकडे येतो.

प्रकाशनात तू बोल. नाही म्हणू नकोस. निम्म्या कविता आवडल्या नाहीत म्हणजे निम्म्या आवडल्या, आणि पहिल्या पुस्तकाला हे काही थोडं नाही. त्यातल्या तीन निवड. प्रत्येकीतली ओळ मोठ्यानं म्हण, दोनदा म्हण, आणि ती वाचताना तुझं काय झालं तेवढं सांग. ‘आजच्या पिढीचं प्रातिनिधिक’ वगैरे नको. ज्या नाही आवडल्या त्यांच्याबद्दल व्यासपीठावर अक्षर काढायचं नाही. ते कार्यक्रमाच्या आधी, तिच्या खोलीवर, समासात पेन्सिलीनं. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्यांना पत्र लिहून कथेतली नेमकी जागा दाखवायचे, त्या पत्रांनी माणसं लिहिती झाली. तुला तिला मोठं करायचं नाही की खाली ओढायचं नाही. तिला वाचायचं आहे.

दुसऱ्याचं वाचणं किती लांबपर्यंत जाऊ शकतं त्याचं एक उदाहरण मला कायम पुरतं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांचं तेव्हा नाटककार म्हणून केवढं नाव, आणि हा टॅक्सी चालवणारा तरुण. तेंडुलकर त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरले, कवितांतले जे शब्द कळले नाहीत त्यांचे अर्थ त्याला विचारले, आणि आपल्याला हे हे कळलं नव्हतं असं सरळ प्रस्तावनेत लिहून टाकलं. ‘मला हा शब्द कळला नाही, सांग’ याच्याइतकी मोठी दाद मला माहीत नाही. तुमच्या बैठकीत कुणी कुणाला शब्दाचा अर्थ विचारल्याचं मी ऐकलं नाही. सगळ्यांना सगळं लगेच कळतं.

खांडेकरांनी कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ पदरमोड करून छापली. सोपानदेव चौधरी स्वतः कवी, पण आईच्या, बहिणाबाईंच्या, ओव्या घेऊन अत्र्यांकडे गेले. ही सगळी नावं तुला माहीत आहेत, त्यांच्यावर मी लांबण लावत नाही.

राहिलं ते बारीक अक्षरातलं वाक्य. तिनं तुझ्याबद्दल शब्द काढला नाही. हिशोब मांडू नकोस. मी मांडला होता, त्याचं काय झालं ते वर वाचलंस. पण गिळूनही टाकू नकोस. पुस्तकाची गडबड संपली की तिला सरळ विचार: माझी एखादी ओळ तुझ्या लक्षात आहे का? ‘माझ्या कविता कशा वाटतात’ असं विचारू नकोस, त्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. ओळ माग. तिला एक जरी आठवली तरी तुझी भीती निम्मी खोटी होती. आणि खरंच एकही आठवली नाही, तर मैत्रीण म्हणून तिला ठेव, तिच्याबरोबर सिनेमाला जा, तिच्या आजारपणात डबा ने. लिहिण्यातली सोबत मात्र दुसरीकडे शोध. दोन्ही एकाच माणसात सापडावं असा हट्ट करू नये. मला ते एकदाच एका माणसात सापडलं होतं, आणि त्याचं मी काय केलं ते तुला सांगून बसलो.

तू पत्रासोबत पाठवलेल्या तीन कविता परत पाठवतो आहे. पहिली नुसती गोड आहे, तिच्यावर वेळ घालवू नकोस. तिसरी अजून झालेली नाही. ‘काहूर’ हा शब्द तू तिथं का घेतलास ते मला कळलं नाही, लिहून पाठव. दुसरीत हे आहे:

आईच्या चपलेत आता
माझा पाय मावत नाही.
ती मात्र माझ्या जुन्या चपला घालून
बाजाराला जाते.

हे मी काल दिवसभर मनात म्हणत होतो. ‘जुन्या’ हा शब्द काढून बघितला, राहू दे, तो हवा. पण त्याच्या खाली तू दोन ओळी लिहून आई किती त्याग करते ते सांगितलं आहेस. त्यांच्यावर मी पेन्सिलीनं रेघ मारली आहे. आई बाजाराला गेली, तिला जाऊ दे.

तुझे,
सर