काकांचे चौदा चाकू

प्रश्न : बोटीवर नोकरी केलेल्या काकांचे चौदा घडीचे चाकू माझ्याकडे आले आहेत. सगळे सांभाळणे जमत नाही, कोणते ठेवावेत? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : किमतीचा विचार बाजूला ठेवून प्रत्येक चाकू उघडून पाहा. पाते डुगडुगत असेल, किंवा वारंवार धार लावून झिजून अरुंद झाले असेल, तर तो निःसंकोच काढावा. अपवाद फक्त काकांच्या रोजच्या वापरातल्या चाकूचा. एकाच प्रकारचे दोन असल्यास मूळ पाते व मूठ शाबूत असलेला ठेवा.

गोव्याच्या पावसाळ्यात खरी परीक्षा लवकर गंजणाऱ्या कार्बन पोलादाची होते. १८९० पासून फ्रान्समध्ये बनणाऱ्या ओपिनेल चाकूची लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि पाते खाचेत इतके घट्ट अडकते की नखाने उघडत नाही. असा एखादाच ठेवावा, पण त्याची निगा राखणार असाल तरच. कार्बन पोलादाच्या पात्यावरचा निळसर-करडा थर म्हणजे गंज नव्हे, तो घासून काढू नये. तांबूस, खरखरीत डाग मात्र लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा. स्टेनलेस स्टीलचे स्विस चाकू तुलनेने बिनघोर असतात. कोणताही चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, कारण चामडे ओल धरून ठेवते.