पंप कोठीत टाकण्याआधी बॅटरी भरून घ्या

हरभऱ्यावरच्या घाटेअळीची शेवटची फवारणी आटोपली की आपल्या इंदूरकडचे पाठीवरचे बॅटरी पंप कोठीत जातात, ते थेट सोयाबीनला बाहेर निघतात. जुलैत मग मला फोन येऊ लागतात, आणि त्यातले निम्मे पिकाचे नसतात, बॅटरीचे असतात. सांवेर, देपालपूर, हातोद आणि महूकडून आलेल्या अशा काही प्रश्नांची उत्तरे इथे देत आहे.

प्रश्न (सांवेर): मागच्या खरिपात नवा पंप घेतला, १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता) बॅटरी आहे. फेब्रुवारीपर्यंत झकास चालला. आता चार्जरचा हिरवा दिवा तासाभरातच लागतो आणि दोन टाक्यांत पंप बसतो. बॅटरीच खराब निघाली का?

खराब निघाली नाही, ठेवण्यात खराब झाली. शेवटच्या फवारणीनंतर ती भरली होती का, एवढे आठवून पाहा. बहुतेक नाही. तुमच्या पंपात असते तशी सीलबंद लेड ॲसिड बॅटरी वीज देते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो थर विरतो. तशीच पडू दिली तर त्याचे टणक खडे होतात, आणि मग पट्टीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. म्हणून तुमचा हिरवा दिवा तासात लागतो: भरायला जागाच थोडी उरली आहे.

न वापरताही ही बॅटरी उतरते. २५ अंश तापमानात महिन्याला साधारण ३ टक्के, आणि पुढच्या प्रत्येक १० अंशांना हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. मेमधली पत्र्याखालची कोठी डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीत अर्धी ठेवलेली बॅटरी जूनपर्यंत कशाच्या बळावर टिकणार? कामाने मरणाऱ्या बॅटऱ्या मी कमी पाहिल्या, उपाशी पडून मेलेल्या जास्त.

उपाय साधा आहे. ठेवण्यापूर्वी पूर्ण चार्ज करा, पंपाची वायर बॅटरीपासून सोडवा आणि बॅटरी घरातल्या थंड, कोरड्या खोलीत ठेवा. एरवी तीन महिन्यांतून एकदा चार्जिंग पुरते, पण माळव्याच्या उन्हाळ्यात दर महिन्याला, अमावस्येला म्हणा हवे तर, एक रात्र चार्जरवर लावा.

तुमच्या बॅटरीत जीव आहे का ते कळायला एक साधा मल्टिमीटर घ्या. जेल रोडवर हवे तेवढे मिळतात. पूर्ण चार्ज करून चार-पाच तास नुसती ठेवा आणि मग मोजा. १२.८ ते १३ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.८ च्या खाली रिकामी. भरूनही १०.५ वरच थांबत असेल तर आतल्या सहा सेलपैकी एक गेला, पैसे घालू नका. आकडा चांगला दिसला तरी एवढ्यावर विसंबू नका. टाकीत साधे पाणी घालून पंप चालवा आणि चालू पंपावर मोजा. पाच-दहा मिनिटांत १०.५ पर्यंत घसरली तर ती बॅटरी फक्त मीटरला फसवते आहे.

प्रश्न (देपालपूर): ८ एएच म्हणजे २ अँपिअरचा पंप चार तास चालायला हवा ना? आमचा तीन तासही चालत नाही.

तो ८ चा आकडा २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे, म्हणजे ०.४ अँपिअरने. जोरात ओढले की हाती कमी येते. तीन तासांच्या आत-बाहेर चालत असेल तर पंप ठीक आहे. आणि मोटरचा आवाज बसेपर्यंत ओढू नका. दरवेळी तळ गाठला तर साधारण दोन-अडीचशे वेळा भरून-उतरवून बॅटरी संपते. निम्म्यावर थांबून भरत गेलात तर दुपटीच्या जवळपास टिकते. मोबाइलसारखी ‘पूर्ण उतरल्यावरच लावायची’ ही समजूत इथे उलटी पडते. चार टाक्या मारल्या असल्या तरी त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. हिरवा दिवा लागल्यावरही आणखी दोन तास राहू द्या, शेवटचा भाग हळू भरतो.

प्रश्न (महू): पंपाचा चार्जर जळाला. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर लावू का?

नको. सीलबंद बॅटरीच्या अंगावर तिची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. रोज वापरून भरायची असेल तर सहसा १४.४ ते १५ व्होल्ट, कायम चार्जिंगवर ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८, आणि करंट क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ८ एएचला २.४ अँपिअर. ट्रॅक्टरचा चार्जर १० अँपिअर ढकलतो. पंपाबरोबर येणारा एक-दीड अँपिअरचा, आपोआप थांबणारा चार्जरच शोधा. चार्जिंग उन्हात किंवा बंद पेटीत करू नका. बॅटरी हाताला गरम लागली तर प्लग काढा.

प्रश्न (हातोद): लसणाला रोजड्यांपासून (नीलगायींपासून) वाचवायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणारे झटका मशीन बसवले. २० वॅटचे पॅनेल सरळ ७ एएचच्या बॅटरीला जोडले होते. उन्हाळ्यात बॅटरी फुगली.

फुगणारच होती. १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात १७-१८ व्होल्ट देते, काहीच जोडले नसेल तर २१ च्या वर. हिशेब पाहा: तुमचे मशीन ०.१५ अँपिअर घेत असेल तर बारा तासांच्या रात्रीत जेमतेम दोन एएच खर्च, आणि पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवसाला पाच एएच भरते. जास्तीच्या विजेने आतल्या पाण्याचा वायू होतो, दाब वाढला की झडप उघडते आणि ते पाणी गेले ते गेले. मध्ये बॅटरीला झेपेल एवढीच वीज सोडणारा चार्ज कंट्रोलर हवाच, आणि त्यात ‘सील्ड’ ही निवड केलेली हवी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट क्रम.

तापमानाचेही पाहा. २५ अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला चार्जिंगचा व्होल्टेज साधारण ०.०२४ व्होल्टने उतरवायचा असतो, म्हणजे ४० अंशांना १४.४ च्या जागी १४ पुरे. चांगले कंट्रोलर हे स्वतः करतात. बॅटरीची पेटी पॅनेलच्या सावलीत, जमिनीपासून उंच आणि हवा खेळती राहील अशी ठेवा.

पावसाळ्यात झटका कमी झाला की लगेच बॅटरीला दोष देऊ नका. बहुतेक वेळा तारेला लागलेले ओले गवत हेच कारण असते. आणि दर वर्षी सांगतो ते पुन्हा सांगतो: बॅटरी बसली म्हणून कुंपणात घरची लाइन सोडू नका. त्यात रोजडे नाही, माणूस मरतो, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळा.

प्रश्न (सांवेर): वरची पट्टी उचकटून डिस्टिल्ड वॉटर घातले तर बॅटरी परत येते म्हणतात?

इन्व्हर्टरच्या ओल्या बॅटरीला पाणी लागते, हिला नाही. हिचे ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. उचकटून घातलेल्या पाण्याने सुकलेली बॅटरी चार दिवस चालल्यासारखी वाटते, पण झडपा नीट बसत नाहीत आणि ॲसिड पंपाच्या मोटरीत उतरते. खडे धरलेली बॅटरी मूळ चार्जरवर दोन-तीनदा रात्रभर लावून पाहा, तेवढ्याने थोडी क्षमता परत आली तर आली.

प्रश्न (महू): तीच जागा धरून लिथियम बॅटरी बसवावी का?

वजनाला हलकी, उन्हाळ्यात पडून राहिली तरी कमी उतरते. घ्यायची तर तिचा स्वतःचा चार्जरही घ्या. जुन्या चार्जरवर लावलेली लिथियम पेट घेऊ शकते.

प्रश्न (देपालपूर): मेलेल्या बॅटऱ्यांचे काय करायचे?

फोडू नका, विहिरीजवळ किंवा बांधावर टाकू नका. शिसे विषारी आहे आणि जमिनीत गेले की निघत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि बिलात तिची किंमत वजा करून मागा.