कापडी पिशवी आणि तिचे खिसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून मी घरच्या पायमशीनवर कापडी पिशव्या शिवते. कुडाळच्या आठवडा बाजारातून नारळ, कांदे-बटाटे भरून आणले की काही दिवसांतच बंद मुळापाशी उसवतात आणि बाहेरच्या खिशात पाण्याची बाटली ठेवली की तो वरच्या कोपऱ्यात फाटतो. टीप दोनदा मारूनही फरक पडत नाही. काय चुकत असावे? – एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपली टीप कच्ची नाही, भार चुकीच्या जागी येतो आहे. सामानाचे सगळे वजन तळावर असते आणि बंद मात्र तोंडाच्या दुमडीवर तीन-चार सेंटिमीटरांत टाचलेले असतात. सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. असे सहा-सात नारळ भरून चालताना प्रत्येक पावलागणिक त्या एवढ्याशा जागेला हिसका बसतो. तिथेच पुन्हा टीप मारल्याने कापडाला आणखी भोके पडतात आणि ते नेमके त्याच रेषेवर फाटते. म्हणून बंद तोंडापाशी संपवूच नये. तो पिशवीच्या अंगावरून, तळाखालून पलीकडच्या बाजूला न्यावा आणि पुन्हा तसाच परत आणून त्याचे एक अखंड कडे करावे. मग वजन बंदावर तोलले जाते, कापडाला फक्त सामान सांभाळावे लागते. खिशाचा प्रश्नही यानेच सुटतो, कारण त्याच्या दोन्ही कडा याच पट्ट्याखाली दाबता येतात.

मापे देतो. जाड सुती कॅनव्हासचा ४३ सेंमी रुंद आणि ८८ सेंमी लांब असा एकच तुकडा, लांबी उभ्या धाग्यात (कापडाच्या काठाला समांतर) ठेवून, कापावा. यात बाजूच्या शिवणींसाठी दीड-दीड सेंमी आणि तोंडाच्या दुमडीसाठी चार-चार सेंमी माया, म्हणजे शिवणीत जाणारे जास्तीचे कापड, धरली आहे. तळाला जोड येत नाही, हा या कापणीचा मोठा फायदा. खिशासाठी २० सेंमी रुंद, २६ सेंमी उंच तुकडा घ्यावा आणि त्याची वरची कड आधी एक व मग दोन सेंमी दुमडून टीप मारून ठेवावी. बंदासाठी तीन सेंमी रुंदीची सुती नवार (विणलेली जाड पट्टी) २८५ सेंमी लागेल. पिशवी खांद्याला अडकवायची नसेल तर त्यातून ५० सेंमी कमी करावी.

आता क्रम, आणि माझ्या मते सगळे यश या क्रमातच आहे. खिसा व बंद दोन्ही कापड सपाट असतानाच लावायचे. बाजू शिवून झाल्यावर मशीनखाली पिशवी फिरवत खिसा लावायला गेले की एक कोपरा हमखास ओढला जातो. तोंडाच्या कापलेल्या कडेपासून ३९ सेंमीवर खडूने आडवी रेघ मारावी. खिशाची सुलट बाजू पिशवीच्या सुलट बाजूवर येईल असा तो उलटा, तोंड तळाकडे करून ठेवावा आणि त्याची खालची कड या रेघेवर एक सेंमी माया धरून शिवावी. मग खिसा वर पलटून इस्त्री फिरवावी आणि कडेलगत आणखी एक टीप द्यावी. त्यानंतर दोन पट्ट्यांमध्ये १६ सेंमी अंतर राहील अशी नवार टाचावी, म्हणजे खिशाच्या उभ्या कडा दोन्हीकडे दोन-दोन सेंमी तिच्याखाली जातात. नवारीचा जोड तळाच्या मध्यावर घ्यावा. तिच्या दोन्ही काठांवर टीप मारताना प्रत्येक वेळी कापलेल्या कडेच्या आठ सेंमी अलीकडे थांबावे, नाहीतर पुढे तोंड दुमडताच येत नाही.

यानंतर कापड सुलट बाजू आत ठेवून मध्यावर दुमडावे, बाजू शिवाव्यात आणि आतल्या मायेला गोट (कड झाकणारी कापडी पट्टी) लावावा. तळाचा कोपरा त्रिकोणी दाबून, टोकापासून पाच सेंमीवर, बाजूच्या शिवणीला काटकोनात दहा सेंमी लांबीची टीप मारली की पिशवीला दहा सेंमी रुंद बूड मिळते. शेवटी तोंड एक आणि तीन सेंमी दुमडून शिवावे व मोकळी ठेवलेली नवार त्यावर आणून चौकोनी टीप आणि चौकोनात फुली मारावी. इथे कापडाचे बरेच थर येतात, तेव्हा १८ नंबरची सुई घालावी, टाका तीन मिलिमीटरचा ठेवावा आणि पायाने जोर न करता हाताने चाक फिरवत एकेक टाका काढावा. पायमशीन अशा वेळी फार कामाला येते.

बाटलीविषयी एक स्वतंत्र गोष्ट. सात सेंमी व्यासाच्या बाटलीचा घेर सुमारे २२ सेंमी असतो. सपाट खिशात ती कोंबली की खिशाचे कापड ताणले जाते आणि तो ताण वरच्या दोन कोपऱ्यांवर येतो. त्यासाठी खिसा २० ऐवजी २६ सेंमी रुंद कापावा आणि जास्तीचे सहा सेंमी खालच्या कडेला दोन चुण्यांत घ्यावेत, वर मात्र मोकळे सोडावेत. फोन आणि सुटे पैसे या खिशात ठेवू नयेत; त्यांच्यासाठी तोंडाच्या दुमडीत अडकवून आत लोंबणारा वेगळा खिसा करावा. गर्दीच्या एसटीत तोच सुरक्षित वाटतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या पिशव्यांवर काळे ठिपके पडतात आणि चेन गंजून अडकते. – एक वाचक, गुहागर

उत्तर : कोऱ्या मांजरपाटाला आणि कॅनव्हासला खळ (कांजी) असते, आणि दमट हवेत बुरशीला ती आयतीच मिळते. कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावे. खळ निघते आणि कापडाला जे आटायचे ते आधीच आटते. दोरा पॉलिस्टरचा वापरावा, कारण सतत ओलीत राहिलेला सुती दोरा कापडाआधी कुजतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी टिचबटणे व धातूची चेन टाळून नायलॉनची चेन किंवा लाकडी बटण लावावे. अस्तर आपल्याकडे मी सुचवणार नाही, कारण दोन थरांमधली ओल लवकर सुकत नाही. पडलेले काळे डाग पुरते जात नाहीत, तेव्हा पिशवी ओली असताना घडी घालू नये, उलटी करून खिसे बाहेर काढून वाळवावी.

प्रश्न : मासळीसाठी याच पिशवीत एक खिसा करता येईल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : शिवून टाकलेला खिसा करू नये, पाणी आणि वास कापडात मुरतो. जुन्या छत्रीच्या किंवा रेनकोटच्या कापडाची सुटी आतपिशवी करावी. तिलाही तळाला जोड नसावा आणि बुडाचे कोपरे टीप न मारता बाहेरून वर दुमडून, टोके तोंडाजवळ टाचावीत, म्हणजे पाणी साठते तिथे सुईचे एकही भोक राहत नाही. घरी आल्यावर ती काढून लगेच धुवावी.